पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना: पाच वर्षं वापरून झालेलं माझं मत

इचलकरंजीत मी एकतीस वर्षं दिवाणजी होतो. ज्यांना आमच्या गावची भाषा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब, पगारवाटप, सुताची आवक, कापडाची जावक आणि बँकेचे हप्ते हे सगळं जो बघतो तो दिवाणजी. आमच्या शेठचे चोवीस साधे माग होते. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि गावातला खडखडाट एका रात्रीत थांबला. जूनमध्ये काही माग पुन्हा सुरू झाले, पण कापडाला उठाव नव्हता. आमच्या शेठनी दिवाळीच्या आधी माग भंगारात काढले. किलोवर वजन करून टेम्पोत भरताना मी तिथेच उभा होतो, कारण वजनाच्या चिठ्ठ्याही मीच लिहिल्या.

त्या वेळी माझं वय एकसष्ट. नोकरी गेली, पेन्शन नाही, आणि आयुष्यभराच्या बचतीतले सहा लाख गावातल्या एका पतसंस्थेत अडकलेले. त्या परिस्थितीत मी उरलेला पैसा पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवला. आता पाच वर्षं पूर्ण झाली, म्हणून सविस्तर लिहितोय. मंदीत नोकरी गेलेल्या, निवृत्तीला आलेल्या, किंवा आईवडिलांच्या पैशाचं काय करावं या विचारात असलेल्या माणसाला याचा उपयोग व्हावा एवढीच इच्छा.

आधी पतसंस्थेचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पोस्टाची किंमत कळणार नाही. नाव लिहीत नाही. गावात ती अजून आहे, फलकही आहे. २०१६ पासून मी तिथे पैसे ठेवत गेलो. बँकेत सात टक्के मिळायचे तेव्हा ते दहा द्यायचे. मॅनेजर ओळखीचा, संचालक ओळखीचे, दिवाळीला कॅलेंडर घरपोच. ठेवपावती जाड गुलाबी कागदाची, वर गणपती, खाली तीन सह्या आणि गोल शिक्का. ती पावती कपाटात ठेवताना मला वाटायचं, एवढ्या सह्या आहेत म्हणजे पैसा पक्का.

सप्टेंबर २०२० मध्ये मी दोन लाख मोडायला गेलो. शटर अर्धं खाली होतं. आत मॅनेजर म्हणाला, "दिवाणजी, आठवड्याला पाच हजार देतो, गडबड करू नका." दोन आठवडे पाच-पाच हजार मिळाले. तिसऱ्या आठवड्यात दारावर कागद चिकटवलेला, वसुली होईपर्यंत पैसे देता येणार नाहीत म्हणून. पुढचं सगळं गावोगावी घडतं तसंच घडलं. आधी ठेवीदारांची समिती, मग सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे निवेदनं, थकबाकीदारांवर सहकार कायद्याच्या कलम १०१ ची वसुलीची कारवाई आणि संचालकांवर कलम ८८ ची चौकशी. आजपर्यंत सहा लाखांतले दोन लाख दहा हजार हातात आलेत. तेही कधी दहा, कधी पंधरा, असे.

पण मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट वेगळी आहे. आमच्या शेठचं कर्ज त्याच पतसंस्थेचं होतं. त्याचे हप्ते माझ्या हातच्या वहीत लिहिले जायचे. २०१८ पासून हप्ता पुढे ढकलला जातोय, व्याज मुद्दलात मिळवून नवं कर्ज दाखवलं जातंय, हे मी स्वतः लिहीत होतो. शेजारच्या कारखान्याचा दिवाणजीही चहाला बसला की तेच सांगायचा. म्हणजे माझा पगार कापडावर आणि पतसंस्थेची कर्जं कापडावर. माझी ठेव त्या कर्जांवर, म्हणजे तीही शेवटी कापडावरच. एकाच सुतावर तिन्ही ओझी. सूत तुटलं तेव्हा सगळं एकदम खाली आलं. वही माझ्यासमोर उघडी होती आणि तरी मी माझ्या ठेवीचा आणि त्या वहीचा संबंध जोडला नाही. हे लिहिताना आजही वाईट वाटतं.

म्हणून पैसा ठेवताना मी आता एक प्रश्न पहिल्यांदा विचारतो: माझा धंदा किंवा माझं गाव बसलं, तर हा पैसा त्याच्याबरोबर बसेल का? टक्का नंतर.

दुसरी गोष्टही मला तेव्हाच कळली आणि ती खूप जणांना आजही माहीत नसते. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून एका ठेवीदाराला एका बँकेमागे पाच लाखांपर्यंत मिळतात, मुद्दल आणि व्याज मिळून. ही मर्यादा आधी एक लाख होती, फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदारांना फक्त एक हजार रुपये काढता येत होते, ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंच. २०२१ मध्ये कायद्यात बदल होऊन निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदारांना विम्याचे पैसे नव्वद दिवसांत मिळायची तरतूद झाली. हे सगळं चांगलंच आहे. पण हा विमा बँकांना आहे, त्यात सहकारी बँकाही आल्या. पतसंस्थेला तो नाही. पतसंस्था आणि सहकारी बँक यांच्या पाट्या लांबून सारख्याच दिसतात, आत काउंटर सारखाच, पासबुक सारखंच. मी एकतीस वर्षं हिशेब लिहिले आणि हा फरक मला एकसष्टाव्या वर्षी कळला.

आता पोस्टाकडे येतो.

माझ्याकडे उरलं होतं ते असं: ग्रॅच्युइटी आणि शेठनी वर दिलेले धरून तीन लाख चाळीस हजार, मुदत संपलेली विम्याची पॉलिसी, आणि एका राष्ट्रीयीकृत बँकेतली ठेव. मिळून नऊ लाखांच्या थोडं वर. पोस्टात माझं कधी खातं नव्हतं. आमच्या मंडळींची मात्र आवर्ती ठेव होती, महिना हजार रुपयांची. एक महिला एजंट गल्लीत दर महिन्याला यायची, कार्डावर लिहून पैसे घेऊन जायची. त्या एजंट ताईंनाच मी विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, ज्येष्ठ नागरिकच्या खात्यावर आम्हाला कमिशन नाही, पण तुम्ही तेच काढा. माझ्या वडिलांचंही तेच आहे." ज्यात स्वतःला पै मिळणार नाही ते त्यांनी सुचवलं. हे मी विसरलो नाही.

खातं काढायला लागलं काय, तर फॉर्म, आधार, पॅन, दोन फोटो आणि चेक. एक लाखाच्या आत रोख चालते, वर चेकच. वयाची अट साठ. पंचावन्न ते साठमधल्या माणसाला निवृत्तीचा किंवा स्वेच्छानिवृत्तीचा पैसा असेल तर चालतं, पण तो हातात आल्यापासून ठरावीक मुदतीत भरावा लागतो, तेव्हा तशांनी उशीर करू नये. काउंटरवरच्या बाई वारसाच्या रकान्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "इथं नाव लिहिल्याशिवाय मी पुढं जाणार नाही." मी बायकोचं नाव लिहिलं. त्यांनी मला ते मोठ्याने वाचायला लावलं, स्पेलिंग आधारशी ताडून बघितलं. गुलाबी पावतीवर तीन सह्या होत्या, पण वारसाचं मला तिथे कुणी कधी विचारलं नव्हतं.

त्याच बाईंनी आणखी एक मोलाचं सांगितलं. नऊ लाखांचं एकच खातं काढू नका, तुकडे करा. या खात्यातून मधेच थोडेसे पैसे काढता येत नाहीत. मोडायचं तर अख्खं खातं मोडावं लागतं. एक वर्षानंतर आणि दोन वर्षांच्या आत मोडलं तर मुद्दलातून दीड टक्का कापतात, दोन वर्षांनंतर एक टक्का. नऊ लाखांचं खातं पन्नास हजारांसाठी मोडलं तर नऊ हजार गेले. तीन लाखांचं मोडलं तर तीन हजार. मी तसंच केलं. पैसे जसे हातात आले तशी नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारी अशी तीन महिन्यांत तीन-तीन लाखांची तीन खाती काढली.

व्याज तेव्हा ७.४ टक्के होतं. इथे एक हळहळ सांगतो. ३१ मार्च २०२० पर्यंत हाच दर ८.६ होता. एप्रिलपासून एकदम कमी झाला. मी मार्चमध्ये पतसंस्थेतून पैसे काढून इथे आणले असते तर पाच वर्षं ८.६ ने मिळाले असते. कारण या योजनेत खातं ज्या दिवशी काढाल त्या दिवसाचा दर पाच वर्षं तसाच राहतो. सरकार दर तीन महिन्यांनी दर जाहीर करतं, पण तो नव्या खात्यांना लागू होतो.

याचा फायदा मी २०२१ मध्ये अनुभवला. ३१ मार्च २०२१ ला संध्याकाळी बातमी आली की सगळ्या अल्पबचतीचे दर कापले, ज्येष्ठ नागरिकचा ६.५ वर आणला. रात्री गल्लीत दोन-तीन जण माझ्या दारात. सकाळी सरकारने तो आदेश मागे घेतला. पण त्या रात्रीही मी शांत झोपलो होतो, कारण माझा दर आधीच ठरलेला होता. सहा महिन्यांपूर्वी पतसंस्थेच्या शटरसमोर उभा होतो तेव्हा माझी झोप कशी होती, ते घरच्यांना विचारा.

तीन महिन्यांनी एकदा व्याज मिळतं, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या तारखेला. माझ्या तीन खात्यांचे ५,५५० प्रमाणे तिमाहीला १६,६५० रुपये. महिन्याचे साडेपाच हजार धरा. यात घर चालत नाही, हे स्पष्ट सांगतो. मुलगा पुण्याला असतो, तो महिन्याला पाठवतो. मी आता दोन कारखान्यांची जीएसटीची कामं घरून बघतो. पण साडेपाच हजारांत औषधं, लाइट बिल आणि गॅस निघतो, आणि ते पैसे येणार की नाही हा प्रश्न पाच वर्षांत मला एकदाही पडला नाही.

बायकोच्या नावाने दोन लाख मासिक उत्पन्न योजनेत ठेवले होते, तेव्हाच्या ६.६ टक्क्यांनी महिन्याला अकराशे. ते तिचे. त्याचा हिशेब मी कधी मागितला नाही, ती मात्र दर महिन्याला पासबुक भरून आणते आणि मला दाखवते.

हे पासबुक भरून आणणं महत्त्वाचं आहे. व्याज बचत खात्यात जमा करायला सांगा आणि ते होतंय का बघा. ज्येष्ठ नागरिक आणि मासिक उत्पन्न या दोन्ही योजनांत न उचललेल्या व्याजावर पुढे व्याज मिळत नाही. आमच्या ओळखीच्या एका आजींनी चार वर्षं व्याज उचललंच नव्हतं. त्यांना वाटत होतं वाढतंय. मुद्दल आणि व्याज सगळं जागेवर होतं, पण वाढलं काहीच नव्हतं. ते बचत खात्यात आलं असतं तरी चार टक्के मिळाले असते.

आता उणं काय ते सांगतो.

महागाईला हे पुरत नाही. २०२० साली साडेपाच हजारांत माझी आणि हिची औषधं, गॅस आणि किराण्यातलं तेल येत होतं. त्याच साडेपाच हजारांत २०२४ ला तेल बाहेर पडलं. दर पक्का असण्याची ही दुसरी बाजू. पैसा हलत नाही, पण बाजार हलतो. तरुण माणसाने सगळा पैसा इथे ठेवावा असं मी म्हणणार नाही, आणि ही योजना त्याच्यासाठी नाहीच.

व्याजावर कर लागतो. माझं तीन खात्यांचं मिळून वर्षाचं व्याज ६६,६०० होतं. तेव्हा पन्नास हजारांवर गेलं की टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच कर, कापला जायचा. माझं उत्पन्न करपात्र नाही म्हणून मी दर एप्रिलमध्ये १५ एच, म्हणजे कर कापू नका असं लिहून द्यायचा फॉर्म, भरून देत आलो. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांसाठी ती मर्यादा एक लाख झाली आहे. तरी फॉर्म द्यायची सवय ठेवा, कापलेला पैसा परत मिळवायला रिटर्न भरावं लागतं आणि वाट बघावी लागते.

आणि अडीनडीला हे उपयोगी नाही. या खात्यावर कर्ज मिळत नाही. म्हणून आमच्या घरी खरा आधार दिला तो हिच्या आवर्ती ठेवीने. जून २०१८ मध्ये काढलेली, ६.९ टक्क्यांची, महिना हजाराची. लॉकडाऊनमध्येसुद्धा तिने एक हप्ता चुकवला नाही. मी पगार नाही म्हणून बंद करू या म्हणालो तेव्हा ती म्हणाली, "अहो, तुमच्या सहा लाखांचं तुम्ही बघा. माझ्या हजाराला हात लावू नका." जून २०२३ मध्ये मुदत संपली, ७१ हजार सातशेच्या आसपास मिळाले. त्याच महिन्यात तिच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एकही खातं मोडावं लागलं नाही, कुणापुढे हात पसरावा लागला नाही. शिवाय आवर्ती ठेवीवर वर्षभराचे बारा हप्ते भरले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्जही मिळतं. ज्येष्ठ नागरिक योजनेच्या शेजारी हे छोटं खातं असायलाच हवं.

बँकेत मी आता काही ठेवतच नाही असं नाही. दोन बँकांत ठेवी आहेत, प्रत्येकीत व्याजासकट पाच लाखांच्या बरंच आत. पोस्टातल्या पैशाला मात्र पाच लाखांचा विचार करावा लागत नाही. त्याची हमी केंद्र सरकारची, सगळ्या रकमेची. इचलकरंजीतले सगळे माग बंद पडले तरी त्या पैशाचा त्याच्याशी संबंध नाही. मला नेमकं हेच हवं होतं.

सोन्याबद्दल लोक विचारतात. हिच्या पाटल्या आणि मंगळसूत्र आहे, ते तिचं आहे. त्याबद्दल मी काही सांगत नाही.

पाच वर्षांनी काय झालं ते सांगायचं राहिलं. मुदत संपली की तीन वर्षं वाढवून मिळतात. अर्ज मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो, आणि मुदत संपल्या दिवशीचा जो दर असेल तो लागतो. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ६.५० वरून ५.२५ वर आणला. बँकांनी ठेवींचे दर भराभर खाली आणले. माझ्या शेजाऱ्याची बँकेतली ठेव ऑक्टोबरमध्ये नूतनीकरणाला गेली तेव्हा त्याला आधीपेक्षा चांगलंच कमी मिळालं. ज्येष्ठ नागरिक योजनेचा दर मात्र एप्रिल २०२३ पासून ८.२ वर आहे. म्हणजे नोव्हेंबरमध्ये माझं पहिलं खातं वाढवलं तेव्हा ७.४ वरून ८.२ झाले. तिमाहीचे ५,५५० होते, आता ६,१५० येतील. या योजनेत ठेवता येणाऱ्या रकमेची मर्यादाही आता पंधरा लाखांची तीस लाख झाली आहे, पण माझ्यासारख्याला तिचा काय उपयोग. हिचे दोन लाखही ७.४ ने पुन्हा मासिक योजनेत लावले. तिचे आता महिन्याला १,२३३.

पाचपैकी गुण द्यायचे झाले तर मी साडेचार देतो. अर्धा महागाईसाठी कापला.

परवा डिसेंबरचं खातं वाढवायला गेलो होतो. काउंटरला आता नवीन मुलगा आहे. त्याने पासबुक बघितलं आणि विचारलं, "काका, तिन्हीचं मिळून एकच खातं का नाही काढलं?" मी त्याला त्या बाईंचं सांगितलं. त्या आता बदलून गेल्या. त्याने फॉर्म घेतला, वारसाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि नाव वाचायला सांगितलं.

तिसरं खातं जानेवारीत. ३१ डिसेंबरच्या सुमारास नव्या तिमाहीचे दर येतील, ते बघून जाईन. पतसंस्थेच्या ठेवीदारांची बैठकही त्याच आठवड्यात आहे. गुलाबी पावत्या मी अजून टाकलेल्या नाहीत, त्या घेऊन तिथेही जायचं आहे.